गवारीचा डोस आणि इंद्राणीचा मुकुट

पंचवीस वर्षं द्राक्षबागेत फवारणी केलेल्या माणसाला कंडिशनरवाले नवीन काही शिकवू शकत नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. पाणी किती, औषध किती, ते पानाला धरून राहावं म्हणून त्यात स्टिकर किती घालायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यामुळं आमच्या बायकोच्या, गुणमालाच्या, केसांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "माझ्यावर सोड."

"सोडते की. मागं मिक्सर सोडला हुता तुमच्यावर," ती म्हणाली.

तर प्रश्न असा. गावात पंचकल्याणक पूजा होती. आम्हा जैनांचा हा लय मोठा सोहळा. त्यात सहा जोडपी इंद्र-इंद्राणी होतात आणि मंदिराचे मुकुट घालून गावातून मिरवतात. आठ वर्षांपूर्वी माझी थोरली भावजय विजयमाला इंद्राणी झाली होती. तिचा मुकुटातला फोटो थोरल्या घरी बाहेरच्या सोप्यात लावलाय आणि गुणमाला तिथं गेली की त्याच्यासमोर घटकाभर उभी राहते. यंदा चिठ्ठी आमच्या नावाची निघाली. बायको देवघरात जाऊन रडली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

पण बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं तिच्या केसांचा पार काथ्या झालेला. फणी अडकायची, अंबाडा बसायचा नाही. मिरवणुकीच्या तालमीत डोक्यावर मुकुट ठेवला की डावीकडं कलायचा, सरळ केला की उजवीकडं.

"असाच कलला तर मिरवणुकीत पडंल बाई," वहिनी म्हणाल्या. त्या दिवसापासून गुणमालाला जेवण गोड लागेना.

कंडिशनर आणावं, तर वहिनी महिला मंडळाच्या अध्यक्षा, जिवाचं काही पूजेत चालू द्यायच्या नाहीत. पहिल्या बाटलीत रेशमाचं प्रोटीन निघालं, दुसरीत केराटिन.

"किड्याचं आन् शिंगाचं डोक्याला लावून भगवंताम्होरं उभी ऱ्हाणार व्हय?" दोन्ही बाटल्या दुकानात परत गेल्या.

एवढ्यात आमची लेक ब्राह्मी कराडहून आली. ती तिथं फार्मसी शिकते. तिनं आपली कंडिशनरची संपलेली बाटली काढून मागच्या यादीतलं एक नाव वाचलं, "ग्वार हायड्रॉक्सिप्रॉपिलट्रायमोनियम क्लोराइड."

"हे कुठलं प्रकरण?" मी विचारलं.

"आपली गवार, पप्पा. तिच्या बियांचा डिंक."

वहिनींनी चष्मा पुसून बाटली चारी बाजूंनी फिरवली. "गवार चालंल," त्यांनी निकाल दिला.

"पण ती साधी गवार नसते," ब्राह्मी म्हणाली. "कारखान्यात रसायनं वापरून तिला धन भार देतात. खराब केसावर ऋण भार असतो. त्यामुळं तिचा पातळ थर केसाला धरतो, आणि धुतलं तरी थोडा मागं राहतो. म्हणून केस मऊ लागतात."

"म्हणजे आमचं स्टिकर."

"जवळपास तसंच. पण घरी काही करू नका हं."

ती बाटली सांगलीत चार दुकानांत मिळाली नाही. मोबाइलवर मागवली तर पाच दिवस, आणि मिरवणूक परवावर आलेली. ब्राह्मी प्रॅक्टिकलसाठी परत गेली. आता घरी कर्ता माणूस मी एकटाच!

माझा दोस्त आर्जव सांगलीत आइस्क्रीम बनवतो. ते दाट व्हावं म्हणून तो गवारीच्या डिंकाची पावडर घालतो. त्यानं अर्धा किलो बांधून दिली आणि सांगितलं, "लिटरला पाच ग्रॅम. जास्त घालू नको गड्या."

पाच ग्रॅम हा निरोगी बागेचा डोस झाला. आमचा रोग पुढं गेलेला. मी दहा घातले. राहिला धन भार. ट्रॅक्टरची बॅटरी काढली, प्लसची वायर बादलीत सोडली आणि तासभर भार दिला. गुणमालानं ते बघितलं आणि दुधाला गेली.

मिरवणुकीच्या सकाळी उरकायची घाई. बादलीतलं मला जरा पातळ वाटलं, म्हणून आणखी दोन मुठी पावडर टाकली. ती फुगायला वेळ घेते, हे आर्जव सांगायचा राहिला. मी नव्या कोऱ्या ब्रशानं एकेक बट माखली.

"आता धुवू?" गुणमालानं विचारलं.

"येडी का काय? फवारणी झाल्यावर पाणी लागू द्यायचं नसतं. सगळं औषध वाया जातंय."

तसाच अंबाडा घातला आणि त्यावर मुकुट चढवला. मुकुट गपकन बसला. उरलेलं टाकायचं जिवावर आलं, म्हणून मी माझ्या डोक्याला फासलं. पुढं सात-आठ केस आहेत माझे. इतकी वर्षं त्यांनी सोबत केलीय, त्यांनाही सण नको का? त्यावर मी इंद्राचा मुकुट घातला.

आणि मिरवणूक निघाली. सजवलेल्या ट्रॉल्या, पुढं बँड, वरून कडक ऊन आणि असलं वारं की पदर आवरेनात. ग्रामपंचायतीपुढच्या गतिरोधकावर ट्रॉली आदळली आणि पाच इंद्राण्यांचे हात एकदम डोक्याकडं गेले. एकीचा मुकुट कानावर आला, एकीचा नाकावर. आमची गुणमाला दोन्ही हात जोडून सरळ बसलेली. तिचा मुकुट तसूभर हलला नाही. माणसं बोटं दाखवत होती, प्रॅक्टिकल उरकून आलेली ब्राह्मी फोटोवर फोटो काढत होती. वहिनी ट्रॉलीशेजारून चालत म्हणाल्या, "हलंना कसा गं तुझा?" बायको माझ्याकडं बघून हसली. लग्नात हसली होती तशी. मला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी नानासो पेटी घेऊन दारात आले. मुकुट त्यांच्या ताब्यात असतात. "दहा जमा झालं. तुमचं दोन द्या. सातला पेटी पुढच्या गावच्या पूजेला न्यायचीय."

गुणमालानं मुकुट उचलला. मुकुटाबरोबर ती स्वतःच पाटावरून उठली. मी ओढला, तिनं मला ढकललं. वहिनींनी सगळीकडून चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "कात्री आणा."

"आक्का, केसांला हात लावायचा न्हाई," गुणमाला वहिनींना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मानाचा दिवस, आणि शेवटी मी तिचं डोकं भादरणार?

ब्राह्मीनं वास घेतला, बोट लावलं, कोपऱ्यातली बॅटरी बघितली आणि पायरीवर बसून पोट धरून हसली. "गरम पाणी आणा. गवार परत फुगेल आणि सोडेल."

चार बादल्या ओतल्या. अंगणभर बुळबुळ झाली, नानासो पेटीसकट घसरून बसले, पण पावणेसातला मुकुट अलगद हातात आला. केस खळखळून धुतले आणि ब्राह्मीनं फणी घातली. फणी वरून निघाली ती कुठंही न अडता खालपर्यंत गेली.

वहिनींनी स्वतः हात फिरवून बघितला. "रेशमागत झालं की गं," म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

"दोन-चार धुण्यांत परत काथ्या होणार," ब्राह्मी म्हणाली. "साधी गवार टिकत नाही. बाटलीतली मागवलीय मी. आणि पप्पा, भार बॅटरीनं देत नाहीत."

नसतील देत. पण आज थोरल्या घरी सोप्यात दोन फोटो आहेत. दुसरा वहिनींनी स्वतः खिळा ठोकून लावलाय, आणि पुढच्या पूजेला सगळ्या इंद्राण्यांना गवार लावायचं काम मंडळानं माझ्याकडं दिलंय. लिटरला तीन ग्रॅम, आणि शेजारी ब्राह्मी उभी पाहिजे, या अटीवर.

एवढंच की त्या संध्याकाळी सगळे गुणमालाच्या डोक्याभोवती असताना नानासोंनी मला विचारलं, "आन् इंद्राचा?" सात वाजत आले होते. मी म्हटलं, "हा घ्या की," आणि एका हिसक्यात काढून दिला. पेटी वेळेत गेली. माझे सात-आठ केसही त्याच मुकुटाला आतून चिकटून पुढच्या गावाला गेले.