खाल्लं तरी चालेल असं तेल

घड्याळजीच्या पदरात त्या दिवशी पडणार होती ती एक संध्याकाळ. आई मावशीकडे मुक्कामाला, घर रिकामं आणि घरात बायको. एवढी मिळकत त्याला वर्षभरात झाली नव्हती. शिवाय उपकार फेडायचे होते. मोडलेलं मनगट प्लॅस्टरमधून सुटलं तेव्हा त्याची बोटं लाकडं झाली होती. दिवसभर शाळेची बस चालवून आलेल्या बायकोने ती रोज चोळून चोळून पुन्हा चिमटा धरण्याजोगी केली. आता तिचेच खांदे धरले होते.

"अंगाला लावायचं तेल हवंय," तो वाण्याला म्हणाला. "पण खाल्लं तरी चालेल असं."

"मोहरीचं न्या."

"आग होते."

"बदामाचं?"

"तिला सोसत नाही. ओठ सुजतात."

"आता ओठ कुठून आले मधे?"

घड्याळजीने घाईघाईने एक सुगंधी बाटली उचलली. मागे लिहिलं होतं, 'फक्त बाह्य वापरासाठी'. एवढी हमी त्याला देता येईना. बाटली परत फळीवर गेली.

"खाण्याचं खोबरेलच द्या. साधं, बिनवासाचं."

"देतो. पण अंगालाही आणि पोटातही, म्हणजे नक्की कुणासाठी?" वाण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जाणारा. मागे तळमजल्यावरची शिंपीण कान टवकारून उभी.

"बाळासाठी!" घड्याळजीच्या तोंडून निसटलं.

"अस्सं! कधी आहे?"

"होईल की," म्हणत त्याने पळ काढला.

तेल कुठलंही असो, आधी एक थेंब लावून वाट पाहायची, ही त्याची धंद्यातली सवय. दुकानात बसून त्याने एक थेंब मनगटावर लावला, एक जिभेवर ठेवला. तेल पास झालं. तोवर शिंपिणीने मावशीकडे फोन लावून आईच्या कानावर बातमी घातली होती.

घरी पोचतो तर आई परत आलेली, तिची बॅग रिकामी, आणि बायको कोचावर, पाठीशी घरातल्या सगळ्या उशा.

"अहो, मला झालंय काय?" बायकोने विचारलं. "आईंनी बसची किल्ली काढून घेतलीय!"

"तू गप्प पडून राहा गं," आई म्हणाली. तिने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली, बाह्या सरसावल्या आणि सुनेचे खांदे रगडायला घेतले.

"आई... हां, तिथेच... देव तुमचं भलं करो." बायकोचे डोळे मिटू लागले. घड्याळजीच्या डोळ्यांदेखत त्याची संध्याकाळ तिच्या खांद्यांत जिरत होती.

"आई, बाळबीळ काही नाही," तो अखेर म्हणाला. "हिने माझा हात बरा केला. मला हिचे खांदे चोळायचे होते, बस."

"मग खाण्याचं तेल कशाला?"

सुनेचे कान लाल झाले. आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि बाटलीला बूच लावलं.

"तुझ्या वडिलांना एवढी अक्कल असती तर!" ती बॅगेत कपडे कोंबत म्हणाली. "मोहरीचं आणलं होतं त्यांनी. दोन दिवस दोघंही पंख्याखाली."

"आई, तुमचे उपकार कसे..."

"ते राहू दे. डावा खांदा बाकी आहे, त्याला सांग."

ती जिना उतरली. खालून शिंपिणीचा आवाज आला, "काकू, खरं ना हो?"

"अगदी खरं. पण विश्रांती सांगितलीय. सकाळपर्यंत वर कुणी फिरकायचं नाही."

दाराआड दोघांनी मनोमन हात जोडले. बायकोला दोन मालिशी मिळाल्या, नवऱ्याला संध्याकाळ आणि आईला रात्रभर बहिणीचं घोरणं. बाळाची थाप मात्र आईने त्या दोघांच्याच खात्यावर मांडली होती, आणि फेडायला नऊ महिने दिले होते.