जुन्याचा विजय

"नवा सरस निघाला तर हा जुना कोठी बाजारातल्या दुकानात एक्स्चेंजला देतो. नाही निघाला तर नवा परत," असं म्हणत परागने दोन्ही कॅमेरे जेवणाच्या टेबलावर मांडले. यशवंतरावांचा चहा ओठांपाशीच थांबला.

दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. फक्त पिढी वेगळी. जुनाही परागचाच. मागे घर बदलताना तो हैदराबादेत बरकतपुऱ्याला वडिलांकडे टाकून गेला होता. चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या यशवंतरावांनी त्याच्यावर गल्लीतल्या मुलांचा रविवारचा फोटोग्राफीचा वर्ग सुरू केला होता. कॅमेरा गेला की वर्गही गेला.

"मुलांचं काय रे?"

"लाइट घ्या बाबा, एवढं मनावर नका घेऊ. घरी फोन आहेत ना त्यांच्या!"

"फोन सगळं स्वतःच ठरवतो. मग मुलांनी काय ठरवायचं?"

पण पराग केबल शोधायला आतल्या खोलीत गेला होता. तेवढ्यात परागच्या आई शांताबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"नवी वस्तू तशीच कशी वापरतात? काही रीत आहे की नाही?"

त्यांनी नव्या कॅमेऱ्याला हळद वाहिली. कुंकवाचं बोट मात्र घसरलं आणि थेट भिंगावर टेकलं. हात निरांजनातल्या तुपाचे. त्यांनी पदराने भिंग खसाखसा पुसलं आणि त्या आत गेल्या.

यशवंतरावांनी हे सगळं पाहिलं. आधी भिंग पुसा, हा त्यांच्या वर्गातला पहिला धडा. त्यांनी तोंड उघडलं, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

परागने आईला खिडकीपाशी बसवलं. तोच उजेड, तेच अंतर; एक फोटो जुन्याने, एक नव्याने. मग लॅपटॉपवर दोन्ही शेजारी मोठे केले.

"आई, हललीस का गं?"

"नाही रे बाबा. कंबर धरली बसून बसून!"

"जुन्यात तुझी एकेक सुरकुती दिसते. नव्यात एकही नाही. सगळं धुरकट, वर गुलाबी झाक."

"मग नवाच चांगला की!"

परागने सेटिंग बदललं, माहितीपुस्तक चाळलं, पुन्हा फोटो काढले. धुकं तसंच. शेवटी चिडून त्याने दोन्ही फोटो कॅमेरावाल्यांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'नव्या पिढीत कंपनीने माती खाल्ली.' टाकल्या टाकल्या वाहवा सुरू झाली. एकाने तर आपली ऑर्डरही रद्द केली.

यशवंतरावांनी ती वाहवा परागच्या खांद्यावरून वाचली. आता खरं सांगावं तर मुलगा चारचौघांत तोंडघशी पडणार.

"बाबा, तुमचा काय निकाल?"

"जुना," ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी कुणालाही फुकटचे गुण दिले नव्हते.

"हौ बाबा, मानलं तुम्हाला! उगाच नव्याच्या मागे लागलो." परागने नवा कॅमेरा खोक्यात घातला आणि जुना आपल्या पाठपिशवीत.

"अरे, तो कुठे नेतोस?"

"नवा परत केल्यावर मी काय वापरू? पुढच्या महिन्यात लडाखला जातोय."

"पण रविवारी मुलं येतील…"

"बाबा, इतका चांगला कॅमेरा कुणी पोरांच्या हातात देतं का? एवढे दिवस मला कळलंच नव्हतं. याचा पट्टा कुठे ठेवलाय?"

यशवंतराव उठले. कपाटातून पट्टा काढून त्यांनी त्याच्या हातात दिला. मग परत आत जाऊन चार्जरही आणून दिला.