पूट्टुमामी

पहिल्या भेटीत मामींनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातातल्या बॅगेला लावलेल्या चिमुकल्या कुलपाकडे बघून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "हे कुलूप नव्हे रे, हे बटण." आणि मी काही म्हणायच्या आत केसातला आकडा काढून त्यांनी ते उघडून माझ्या हातात ठेवलं.

मी गेलो होतो वेगळ्याच कुलपासाठी. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून चेन्नईला आलो होतो आणि तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहत होतो. मॅन्शन म्हणजे महाल नव्हे. एकट्या पुरुषांनी गच्च भरलेली चार मजली खोल्यांची इमारत. दिवाळीहून परतलो, तर खोलीची किल्ली साताऱ्यालाच राहिलेली. मॅनेजरने कुलूप फोडू दिलं नाही. मागच्या गल्लीकडे बोट दाखवून म्हणाला, पूट्टुमामींकडे जा. पूट्टु म्हणजे तमिळमध्ये कुलूप.

मामींचं मराठी तंजावरचं. पूर्वज कधीकाळी तिकडे गेलेले, त्यामुळे शब्द जुन्या पोथीतले आणि चाल तमिळ. "सगळं"ला त्या "अस्कं" म्हणत, "मला"ऐवजी "मज". मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की माझी खोली उघडायला येण्याआधी त्यांनी मला कॉफी प्यायला लावली. मग जिना चढून आल्या, कुलपाला कान लावला, "पोरुमै, पोरुमै" असं त्यालाच बजावलं आणि ते उघडलं. पोरुमै म्हणजे धीर. हा शब्द त्या कुलपाशी, दूधवाल्याशी आणि माझ्याशी एकाच सुरात बोलत.

त्या एका सरकारी कचेरीत भांडारात कारकून होत्या. निवृत्त झाल्यावर बायका देवळात जातात, भजनी मंडळात जातात. मामी कानस घेऊन बसल्या. सकाळी स्वयंपाक आटोपला, की ओसरीवर पाट मांडून त्या कुलपं उघडायच्या काड्या घासत. पावसाळा संपला, की गल्लीतल्या अस्क्या मोडक्या छत्र्या त्यांच्याकडे येत. तारा काड्यांसाठी मामींच्या, कापड ज्याचं त्याला परत. करवतीची तुटकी पाती त्या सुताराकडून मागून आणत. काडी घासून झाली, की तिच्या मुठीला जुन्या सुती लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळायची आणि तिचं बारसं करायचं. एक वाकडी काडी "आत्याबाई" होती, कारण ती कुठेही शिरे. एक जाडी "तहसीलदार" होती. तिच्याने कधी काही उघडलं नाही, पण मामींनी तिला टाकलं नाही.

गल्लीतलं कुणी किल्ली हरवून आलं, तर त्या फुकट कुलूप उघडून देत. अट एकच: ज्याचं कुलूप, त्याने स्वतः आलं पाहिजे. एकदा एक घरमालक, भाडेकरू गावाला गेलेला असताना, त्याची खोली उघडून द्या म्हणून आला. मामी गेल्या. तासभर कुलपाशी खटपट केली, तीनदा घाम पुसला आणि शेवटी हात जोडून म्हणाल्या, हे काही मज जमायचं नाही. परत येताना मी त्यांच्याबरोबर होतो. मी विचारलं, इतकं अवघड होतं? "कुठलं रे," त्या म्हणाल्या, "ते तर फुंकर मारली असती तरी उघडलं असतं."

त्यांच्या घरात मात्र पाहावं तिकडे कुलूप. चपलांच्या कपाटाला, पाण्याच्या पिंपाच्या झाकणाला, मिक्सरच्या खोक्याला, झोपाळ्याच्या साखळीला. सरावासाठी मामी लावतात, असं गल्ली म्हणे आणि हसे. मीही हसत असे.

घरात दुसरं माणूस म्हणजे मामींचे थोरले भाऊ, अण्णा. मामींनी लग्न केलं नव्हतं, अण्णांची बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. अण्णा एका शाळेचे हेडमास्तर होते. आता पंचाहत्तरी उलटली होती, पण पाठ ताठ, धोतर कडक इस्त्रीचं. मी गेलो, की ते वर्तमानपत्र खाली घेऊन मला एखाद्या देशाची राजधानी विचारत. उत्तर चुकलं, तर पत्र पुन्हा वर जाई. कधीकधी ती राजधानी तासाभराने परत विचारत. मला वाटे, माझी परीक्षा आहे.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अण्णा नवं अंगवस्त्र खांद्यावर घेऊन बसले होते. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता, दोघेजण त्यांना न्यायला येणार होते. मामींनी मला आत घेतलं आणि लोखंडी जाळीचं दार लोटून त्या चटणी वाटायला गेल्या. मी आतल्या खोलीत पेपर चाळत बसलो. थोड्या वेळाने बाहेर गाडी थांबली. पिकल्या केसांचे दोन गृहस्थ हार घेऊन जाळीपाशी उभे राहिले.

जाळीला आतून मोठं पितळी कुलूप होतं.

मी बाहेरच्या खोलीत आलो. अण्णा उठले. त्यांनी खिसा चाचपला. कनवटीला पाहिलं, उशीखाली पाहिलं, पंचांगाच्या पानांत पाहिलं. मग ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांची बोटं नुसतीच हलू लागली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी कुठल्याही म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहू इच्छीत नाही.

मामी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांना क्षणात सगळं कळलं. माझ्या जवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "अण्णाला आत ने. राजधान्या विचार."

मी अण्णांना अंगवस्त्राची घडी नीट करू या म्हणून आत नेलं आणि तोंडाला येईल त्या देशाची राजधानी विचारत सुटलो. पहिल्या दोन त्यांना आठवल्या नाहीत. तिसरी आठवली. चौथीला आवाज ताठ झाला. दारातून मला दिसत होतं: मामी जाळीशी वाकल्या होत्या, आणि बाहेरच्या त्या दोन मोठ्या माणसांना त्यांनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं. ते दोघे हार सावरत, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे उभे होते. कुलूप पदराखाली गेलं. मामी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवू लागल्या.

"अण्णा," त्यांनी आतूनच हाक मारली, "दार तू उघडंच ठेवलंयस, आणि पोरं बाहेर का उभी?"

अण्णा बाहेर आले. त्यांनी जाळीला हात लावला, ती उघडली. दोघा विद्यार्थ्यांना ते तमिळमध्ये रागावले, की माझं दार विद्यार्थ्यांना कधी बंद होतं का, ढकलून बघायची अक्कल नको? चूक झाली सर, असं म्हणत त्यांतला एक, जो बँकेत मोठा अधिकारी होता, त्यांच्या पाया पडला.

गाडी गेल्यावर मामी पाटावर बसल्या. कुलपं अण्णा आणतात, त्यांनी सांगितलं. चोर येतील अशी त्याला भीती वाटते. लावतो, दोन्ही किल्ल्या लपवतो आणि विसरतो. कुलपं काढून घेतली, तर नवी आणतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्यादेखत एक कुलूप फोडावं लागलं, तर तो दोन दिवस जेवला नाही. मी निकामी झालो, एवढंच म्हणत राहिला. तेव्हापासून त्या काड्या घासायला शिकल्या.

मी म्हणालो, गल्लीत हे कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना वाटतं कुलपं तुमची आहेत.

"वाटू दे की," मामी कानस हातात घेत म्हणाल्या. "कोणास सांगू नको हं. या घरात कुणीतरी वेडं आहे, हे लोकांस ठाऊक आहेच. ते मी असू दे."