दोन बंद पाकिटं

दोन दिवसांचं मध्यस्थीचं प्रशिक्षण संपवून आलो आणि साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, की आपल्या ऑफिसातलं एकही भांडण आता चौकशीपर्यंत जाणार नाही. साहेबांनी लगेच मला मध्यस्थ नेमलं आणि पहिलं प्रकरण हातात ठेवलं: हेडक्लार्क विरुद्ध रेकॉर्डबाई.

बांधकाम परवान्याची एक फाइल गहाळ झाली होती. ती रेकॉर्डरूममध्ये हरवली, असं हेडक्लार्कनी वर लेखी कळवलं. रेकॉर्डरूम सांभाळणाऱ्या बाईंनी उलट तक्रार ठोकली, की फाइल हेडक्लार्ककडून परत आलीच नाही. दीड महिना दोघं एकमेकांशी फक्त कागदावर बोलत होते, तेही क्रमांक आणि दिनांक टाकून. सोमवारपर्यंत समेट झाला नाही तर चौकशी लागणार होती. बाई पाच महिन्यांनी निवृत्त होणार. चौकशी लागली की त्यांचे निवृत्तीचे कागद लटकलेच.

दोघांनी मनातलं खरं लिहून द्यायचं आणि ते फक्त मध्यस्थानं वाचायचं, असं मला शिकवलं होतं. तसा शब्द देऊन शुक्रवारी सकाळी मी दोघांकडून कागद घेतले. ते पाकिटांत घालून चिकटवले. घोळ नको म्हणून कोणतं पाकीट कोणाविषयी, ते वर ठसठशीत लिहिलं. हेडक्लार्कच्या कागदाच्या पाकिटावर 'रेकॉर्डबाई', बाईंच्या कागदाच्या पाकिटावर 'हेडक्लार्क'. आणि विजयी मुद्रेनं चहाला गेलो.

परत आलो तर टेबल रिकामं. टपाल वाटणाऱ्या ताई समोरून येत होत्या. म्हणाल्या, "दादा, तुमची दोन्ही पाकिटं वरच्या नावांप्रमाणे पोचती केली. सह्यासुद्धा घेतल्यात."

आता चौकशी लागणार ती माझीच, हे दिसत होतं. मी लोखंडी कपाटाच्या आड उभा राहिलो आणि फाइल शोधण्याचं नाटक करू लागलो.

थोड्या वेळानं बाई हेडक्लार्कचा कागद हातात घेऊन रेकॉर्डरूममधून बाहेर आल्या आणि सरळ हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेल्या. सगळ्यांची पेनं थांबली.

"फाइल तुमच्या घरच्या रद्दीत सापडली, तर आणून द्यायची होती," बाई म्हणाल्या. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

हेडक्लार्क उभे राहिले. त्यांच्या हातात बाईंचा कागद होता. बाईंनी त्यात फाइलचं नावही काढलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. सव्वीस वर्षं बरोबर काम करून या माणसानं एकदा तोंडानं विचारलं नाही, सरळ वर लिहून मोकळा झाला, एवढंच लिहिलं होतं.

"चुकलो, बाई," ते म्हणाले. "आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आणि सापडल्यावर सांगायची लाज वाटली."

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

दुपारी फाइल आली, दोन्ही तक्रारी मागे घेतल्या गेल्या, साहेबांनी हेडक्लार्कना चार शब्द सुनावून प्रकरण बंद केलं. मी कपाटाआडून बाहेर आलो आणि इतका मोठा श्वास सोडला, की शेजारच्या टेबलावरचे कागद उडाले.

साहेब इतके खूश झाले, की सगळ्या कार्यालयांना पाठवायला त्यांनी माझ्याकडून अहवाल मागवला. त्यात एक रकाना आहे, 'मध्यस्थानं वापरलेली पद्धत'. बराच वेळ पेन चावून मी लिहिलं, 'थेट लेखी संवाद'.

आता यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा.