सुकलालनाना आणि चार वाजताचा घोडा

आमचे सुकलालनाना घोड्याच्या सांध्यातल्या पाण्याशी बोलतात. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून रोज बघतो आहे. धुळ्यात आमची जनावरांची प्रयोगशाळा आहे. घोड्याच्या सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर सुईनं जे पाणी काढतात, ते बारक्या नळीतून तपासायला आमच्याकडे येतं. नाना ती नळी आधी गालाला लावतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "कसा व्हयना रे परवास?" मग थांबतात. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढे थांबतात. पहिल्याच दिवशी मी सावद्याला घरी फोन करून सांगितलं, की नोकरी बरी आहे, पण सीनियर थोडे हललेले आहेत.

गंमत म्हणजे माणसांशी नाना छापील मराठी बोलतात. शिपायालासुद्धा "आपला चहा झाला का?" अहिराणी फक्त नमुन्यांसाठी राखून ठेवलेली. आपण नळीत असतो तर नाना आपल्याशी जरा मोकळे बोलले असते, असं मला कधीकधी वाटायचं.

नळीवर नुसता नंबर असला तर ते हात लावत नाहीत.

"नाव?"

"नाना, नंबर आहे की."

"नंबरला गुडघे नसतात."

मग मी मुकाट फोन लावून घोड्याचं नाव विचारतो. नाव कळलं की नाना हातमोजा चढवतात, एक थेंब अंगठा आणि बोट यांच्यात धरतात आणि बोटं हळूहळू लांब नेतात. निरोगी सांध्यातलं पाणी पाकासारखी तार धरतं, बिघडलेल्याचं तटकन तुटतं. तार लांब आली की नाना खुशीत म्हणणार, "नाचशी बेटा, नाचशी!"

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण चार वाजताचं काय करायचं?

रोज पावणेचारला नाना मागच्या पायरीवर मूठभर भिजवलेले हरभरे ठेवतात. चारच्या ठोक्याला मागच्या बोळात टापा वाजतात. टक, टक, टक आणि चौथा पाय फरपटत. बोळाचं बाहेरचं दार कुलूपबंद आहे, पलीकडे नुसत्या बाभळी. मी पहिल्यांदा धावत जाऊन पाहिलं तेव्हा भर दुपारच्या उन्हात बोळ रिकामा होता आणि घोड्याच्या घामाचा वास येत होता.

"टाकीचा पाइप वाजत असेल," मी म्हणालो.

"असेल," नाना म्हणाले.

पाइपाला घाम येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पाच वाजता पायरीवर हरभरे नसायचे, दोन-चार टरफलं तेवढी असायची. शेळी येत असेल, असं मी मनाला बजावलं आणि चारच्या सुमारास फायली मोठ्यानं आपटायला लागलो.

गेल्या वैशाखात एरंडोलचे भिकनभाऊ सकाळच्या एसटीनं नळी घेऊन आले. त्यांची चांदणी लग्नात नवरदेव मिरवणारी घोडी. चार दिवस तिनं पुढचा पाय टेकवला नव्हता. नाना पोस्टात गेले होते, म्हणून मीच थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतूंचा नुसता बाजार भरलेला. सांध्यात जंतू झाले असतील तर लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करावं लागतं, आणि तेवढ्या लांब चांदणी उभी राहून जाऊच शकत नव्हती.

"डॉक्टरसाहेब म्हनतस, जंतू निंघनात तर सांजले सुई देनी पडी," भिकनभाऊ बाकावर बसून म्हणाले. सुई म्हणजे कायमची झोपवायची. त्यांच्या मांडीवर चांदणीच्या कपाळावरचं गोंड्याचं बाशिंग होतं. ते कशाला आणलं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी जड मनानं रिपोर्ट लिहिला. तेवढ्यात नाना आले. नळी गालाला लावली आणि या वेळी काही विचारलंच नाही.

"ही तापली आहे. भिकनभाऊ, आपण ही कशावर ठेवून आणलीत?"

"डायव्हरजोडे, इंजिनना झाकनवर. पडाले नको म्हनीसन." ड्रायव्हरजवळचं ते झाकण तव्यासारखं तापतं.

नाना सूक्ष्मदर्शकावर वाकले. "जंतू आहेत. पांढऱ्या पेशी कुठे आहेत?"

"फारशा नाहीत," मी म्हणालो.

"घरात एवढे चोर शिरले आणि घरातलं एकही माणूस उठलं नाही?"

सांध्यात जंतू असते तर त्यांच्याशी लढायला पेशींची फौज आली असती. पाणी काढताना सुईबरोबर आलेले दोन-चार जंतू इंजिनाच्या उबेत वाटेतच वाढले होते, आणि मी घोडीचं मरण लिहून मोकळा झालो होतो.

नानांनी रिपोर्ट फाडला, बर्फाचा डबा घेतला आणि भिकनभाऊंबरोबर आम्ही दोघांनी एरंडोल गाठलं. निंबाखाली तीन पायांवर उभी असलेली चांदणी नानांच्या खांद्यावर मान टाकून राहिली. डॉक्टरांनी ताजं पाणी काढलं. परतीच्या एसटीत नानांनी डबा मांडीवर घेतला, बाळंतिणीनं मूल घ्यावं तसा.

नरडाण्याच्या पाखऱ्या नावाच्या घोड्याबद्दल त्यांनी तेव्हा सांगितलं. "माझी नवी नोकरी होती. त्याची नळी अशीच तापून आली. मी जंतू पाहिले, पेशी पाहिल्या नाहीत, आणि सही केली. चार वाजता त्याला सुई दिली. नंतर डॉक्टरांनी सांधा उघडला. स्वच्छ होता. नुसता मुरगळला होता. मागचा डावा."

मला बोळातला फरपटणारा चौथा पाय आठवला.

साडेतीनला नानांनी थेंब बोटांत धरला. तार लांबत गेली, लांबत गेली. काचेखालीही सगळं स्वच्छ. मी एरंडोलला फोन लावला. भिकनभाऊ फोन तसाच टाकून चांदणीकडे धावले. मागून घोडीचं फुरफुरणं तेवढं ऐकू आलं.

नानांनी पायरीवर हरभरे ठेवले. चार वाजले. बोळ गप्प. पाच वाजता हरभरे जसेच्या तसे.

"जुने असतील," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवे हरभरे आले. टापा नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पाखऱ्या सुटला, हे मला समजत होतं. नाना मात्र चार वाजता दाराकडे बघत बसायचे. ते देवपुरातल्या घरी एकटे राहतात. रोज आठवणीनं भेटायला येणारं त्यांना दुसरं कुणी नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी मी गुपचूप पायरीवरचे हरभरे माझ्या डब्यात भरले. नाना बाहेर गेले, रिकाम्या पायरीकडे बघत उभे राहिले आणि सावकाश परत आले.

"तो टरफलं सोडी जाये, भो," ते म्हणाले.

मी डबा उघडून हरभरे त्यांच्यापुढे ठेवले. नाना माझ्याशी अहिराणीत बोलले, हे जरा उशिरानं माझ्या लक्षात आलं. त्यांनी स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं, आपल्या थर्मासमधला अर्धा चहा मला ओतला.

"बठ. चार वाजता मनाजोडे बठत जाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कसा व्हयना रे तुना दिन?"

आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागला, तेवढे थांबले.