रुसलेल्या जावयाची लाळ

तातडीची बैठक बसली होती. टेबलावर लातूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल पडला होता आणि त्याच्याभोवतीची काळजी, धरणाच्या फुगवट्यासारखी, न हलता चढत होती. अहवालाचे म्हणणे एवढेच, की आमच्या एका नर माकडाच्या लाळेत मर्कटविषाणूची प्रतिपिंडे सापडली आहेत.

विष्णुपुरीजवळच्या आमच्या संशोधन केंद्रातली माकडे विषाणूमुक्त आहेत, हीच आमची एकमेव श्रीमंती. हा विषाणू माकडाला फारसा छळत नाही, माणसाला मारतो. म्हणून नियम निर्दय आहे: दोषी प्राण्याला शेवटची सुई. आदेशाचा कागद संचालक नरसिंग सरांसमोर होता. सही तेवढी राहिली होती.

आणि नमुना घेण्याची पद्धत माझी होती!

"सुई नाही, जाळी नाही, भूल नाही," मी छाती काढून सांगितले होते. "सुती दोरी अर्धापूरच्या केळ्यांच्या गरात बुडवायची. माकड चघळेल, आपण पिळून लाळ घेऊ. रक्ताचा थेंब न सांडता विज्ञान!"

सगळ्यांनी चघळली. अहवालातल्या या नराने मात्र दोरीकडे पाठ फिरवली. माकडांना सांभाळणाऱ्या कावेरीबाई त्याला जावई म्हणतात. नाव का पडले ते तेव्हा कळले.

"रुसला बगा," त्या म्हणाल्या. "लई मानी हाय."

"सरका," सर म्हणाले. सर उदगीरचे, तीन मुलींची लग्ने लावलेले. "आमच्या घरी जावई रुसला की सासऱ्यानं समोर बसून आधी घास घ्यायचा. मानपानाचं शास्त्र असतं!"

ते पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसले, दोरीचे टोक तोंडात धरले आणि डोळे मिटून म्हणाले, "अहाहा!"

जावयाने मान वळवली, सासऱ्याच्या तोंडातली दोरी हिसकावली आणि चघळू लागला. त्या दृश्यात मला दोन आदिम एकांतांचे सहभोजन दिसले. दूषित नमुना दिसला नाही.

"साहेब, मारू नका त्याला," आता दारातून कावेरीबाई म्हणाल्या. "म्या बाटलीनं दूध पाजलंय."

"नियम आहे, बाई." सरांनी ओठाच्या कडेला मलम टेकवले.

मी त्या ओठाकडे पाहत राहिलो. "सर, हे फोड कधीपासून?"

"दर उन्हाळ्यात येतात. ताप उतरला की. त्याचा इथं काय संबंध?"

"त्या फोडांचा विषाणू या विषाणूचा चुलतभाऊ लागतो, सर. चाचणी दोघांत गल्लत करते. आणि ती दोरी..."

"दोरीचं काय?"

"आधी तुम्ही चघळली होती."

सरांनी मलमाची डबी खाली ठेवली.

"म्हंजी लाळ साहेबाची?" कावेरीबाईंनी डोळे पुसले. "माझा जावई बरा हाय?"

"बहुतेक. त्याचे रक्त तपासले की कळेल," मी म्हणालो, आणि माझे रक्तहीन विज्ञान तिथेच संपले.

सरांनी आदेशाचा कागद सही न करताच फाडला. कावेरीबाई अदबीने पुढे आल्या. मनात कपट नव्हते, काळजीच होती.

"मंग साहेब, ती शेवटची सुई आता तुमाला घ्यावी लागंल का?"

सर उठले, खुर्ची आत सारली आणि निघून गेले.