दहातले चार थेंब

"दहा थेंब डिझेल जाळलं, तर चारच थेंब गाडी ओढतात! बाकीचे सहा नुसते तापून धुरात आणि रेडिएटरात जातात!"

रंगाच्या कारखान्याची व्हॅन चालवणारे अ‍ॅव्हरेजभाऊ घास हातात धरून सांगत होते. एरवी या विषयावर बायको सरळ ताटं उचलायची. पण कारखान्यात नवी व्हॅन आली होती. उद्याच्या फेरीत ज्याची गाडी लिटरला सर्वांत जास्त पळेल, त्यालाच ती मिळणार होती. भाऊंच्या जुन्या व्हॅनचं ड्रायव्हरकडचं दार दोरीनं बांधावं लागे, त्यामुळे त्यांचा सगळा जीव त्या नव्या गाडीत अडकला होता.

"ते चार थेंब मी वाया जाऊ देणार नाही!" माल भरून दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवत भाऊ बायकोला आणि शेजारी जेवणाऱ्या मेहुण्याला म्हणाले. "सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत इंजिन सोडून आत जे काही असेल ते उतरवून ठेवा. वजन म्हणजे शत्रू!"

त्यांच्या मनात होतं सीटमागचं भंगार. जुना टायर, तीन जॅक आणि एक मोडकी खुर्ची.

बायको आणि मेहुणा सांगितल्या कामाला चोख. भाऊ अंघोळ करून आले, तर दोघं घामाघूम होऊन पायरीवर टेकलेले.

"सगळं उतरवलं?"

"सगळं! कंबर मोडली, भाऊजी," मेहुणा विव्हळला.

"एवढ्याशा सामानानं? आजकाल कुणात दमच नाही!"

गाडी निघाली ती वाऱ्यासारखी. चढावर गिअरसुद्धा बदलावा लागला नाही! भाऊ स्वतःच्या उजव्या पायावर बेहद्द खूश झाले. गोदामावर मालकांनी टाकी पुन्हा काठोकाठ भरली, हिशेब केला आणि डोळे विस्फारले. "लिटरला एकवीस! बाकीचे तेराच्या पुढे गेले नाहीत!"

टाळ्या पडल्या. भाऊंनी किल्लीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात मालकांनी मागचं दार उघडलं. आत झाडून स्वच्छ!

"रंगाचे चाळीस डबे कुठायत?"

भाऊंनी आत डोकावून पाहिलं. "घरी... बहुतेक."

"मग इंजिनानं काम काय केलं?"

"मला आणलं की!"

"तुम्हाला आणायला सायकलही पुरली असती!" मालकांनी किल्ली खिशात टाकली. "जा, माल घेऊन या."

घरामागे, अंघोळीहून येताना भाऊंना दिसलेच नव्हते असे, चाळीस डबे ओळीनं मांडले होते. बायको उत्सुकतेनं धावत आली. "अहो, किती पडलं अ‍ॅव्हरेज?"

"एकवीस!" भाऊ छाती फुगवून म्हणाले आणि त्यांनी पहिला डबा उचलला.